माशाला किंमत कळत नाही म्हणे, मग ड्रॅग कसा काय कळतो?

तो मेसेज तुमच्याकडेही आला असणार, कारण गरवणाऱ्या प्रत्येक माणसाला तो निदान दोनदा तरी येतोच. मजकूर थोडक्यात असा की महागडे रॉड (गळाची काठी) आणि रील (तिच्यावरचं लाइन म्हणजे दोरी गुंडाळायचं यंत्र) म्हणजे निव्वळ ब्रँडचा माज, माशाला किंमत कळत नाही, सगळा माल एकाच फॅक्टरीत बनतो नि वर फक्त स्टिकर बदलतात, स्वस्त रीलमध्ये बेअरिंग उलट जास्त असतात, महागडा रॉड काडकन मोडतो, एका महाग रीलच्या पैशात पाच स्वस्त येतात, आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य, जुनी माणसं बांबूच्या काठीने नि हातदोरीने तुमच्यापेक्षा मोठे मासे काढायची. खाली लगेच ‘शंभर टक्के बरोबर’ म्हणणारे पन्नास जण.

ह्यातलं प्रत्येक वाक्य थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच तर तो इतका फिरतो. पण थोड्या खऱ्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकलाय आणि त्याच्या नादाने नवीन पोरं अशी सामग्री घेतात की चार महिन्यांत छंदच सोडून देतात, म्हणून हा खटाटोप.

आधी ते माशाला किंमत कळत नाही वालं बघू. मान्य, एकदम मान्य. गळाला लागेपर्यंत दुसऱ्या टोकाला काय धरलंय ह्याच्याशी माशाला काही देणंघेणं नसतं, त्याला ल्युअर (नकली आमिष) दिसतो, जाड लीडर (गळाजवळचा लाइनचा तुकडा) दिसतो, काठावरची तुमची सावली दिसते. पण लागल्यावर? लागल्यावर त्याला एक गोष्ट पक्की कळते, लाइनची ओढ सारखी येतीये की हिसक्याहिसक्याने येतीये. हिसका बसला की मासा उसळतो, डोकं झटकतो, आणि तिथेच गळ सुटतो नाहीतर लाइन तुटते.

जरा हिशोब मांडतो. समजा ८ किलोची लाइन आहे, म्हणजे ८ किलोच्या ओढीला तुटणारी. ड्रॅग म्हणजे रीलमधला ब्रेक, मासा ओढायला लागला की लाइन बेताने सोडणारा. तो साधारण लाइनच्या ताकदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर लावतात, म्हणजे २.४ किलो धरा. आता रीलमधले वॉशर फालतू असतील, कोरडे पडलेले असतील, तर थांबलेला स्पूल (लाइन गुंडाळलेली चकरी) सुटायलाच जास्त जोर लागतो, समजा दीडपट, म्हणजे ३.६ किलो. इथवर काही बिघडत नाही. पण मासा लाइन घेऊन पळत सुटला, स्पूल रिकामा होत गेला आणि उरलेल्या लाइनचा घेर निम्म्यावर आला की ब्रेक तेवढाच असूनही लाइनवरची ओढ दुप्पट होते, कारण त्रिज्या निम्मी झाली. हा नियम जगातल्या सगळ्यात महाग रीललाही चुकत नाही. फरक इतकाच की चांगल्या ड्रॅगचे २.४ चे ४.८ होतात आणि भिकार ड्रॅगचे ३.६ चे ७.२. गाठीत लाइनची थोडी ताकद जातेच, ८ किलोची लाइन गाठीपाशी साडेसहाला टिकली तरी गाठ चांगली मारली म्हणायची. आता तुम्हीच बघा ४.८ ला काय होईल आणि ७.२ ला काय होईल.

आणि हे तपासायला पाण्यावर जायचीही गरज नाही. लाइन सगळ्या गाइडमधून (रॉडवरच्या कड्यांमधून) ओवून वजनकाट्याच्या हुकाला बांधा, ड्रॅग दोनेक किलोवर लावा आणि कुणाला तरी काटा धरून हळूहळू मागे चालायला सांगा, तुम्ही फक्त रॉडच्या टोकाकडे बघायचं. ड्रॅग चांगला असेल तर टोक वाकतं आणि तिथंच स्थिर राहतं, लाइन सुळसुळ सुटत जाते. वाईट असेल तर टोक वरखाली वरखाली मान हलवत बसतं आणि काट्यावरचा आकडा उड्या मारतो. हे एकदा बघितलं की ‘माशाला काय कळतंय’ म्हणायची हिंमत होत नाही.

फक्त एक, ह्यासाठी सगळ्यात वरचं मॉडेल लागत नाही बरं का. नीट बसवलेले, ग्रीस लावलेले कार्बन वॉशर मधल्या रेंजमध्ये सर्रास मिळतात. आणि बॉक्सवर छापलेला ‘मॅक्स ड्रॅग १० किलो’ वगैरे आकडा बघून खरेदी करू नका, हलक्या रॉडवर १० किलोचा ड्रॅग कोण लावणारे? तो आकडा फक्त किती आवळता येतो ते सांगतो, सुटताना कसा सुटतो ते नाही.

एकाच फॅक्टरीचा मुद्दा लवकर उरकतो. खालच्या किमतीत हे बऱ्यापैकी खरं आहे, दुसऱ्यासाठी माल बनवून देणारे कारखाने आहेत आणि एकच रील तीन नावांनी विकलं जातं. पण ते वरपर्यंत लागू होत नाही. शिमानोचं स्टेला जपानमध्ये बनतं आणि त्याच कंपनीची खालची बरीच मॉडेलं मलेशियात. आणि फॅक्टरी एक असली म्हणून काय झालं, गिअर कशाचा, किती बारकाईने कापला, कुठला माल पास केला नि कुठला बाजूला काढला, पैसे ह्याचे असतात. छताकडे बोट दाखवून आतल्या मालाचा भाव ठरवायचा हा कुठला न्याय?

बेअरिंगच्या मुद्द्यावर मेसेज लिहिणारा स्वतःच फसलाय. ‘१२+१ बेअरिंग’ हा आकडा गिऱ्हाइकाला गंडवायलाच छापलेला असतो हे त्यालाही माहितीये, आणि तरी तोच आकडा पुरावा म्हणून आमच्या तोंडावर फेकतो! १३ रद्दी बेअरिंगपेक्षा ५ चांगली कधीही बरी. आधी बघायचं ते लाइन रोलरचं, म्हणजे बेलच्या (स्पूलवर लाइन गुंडाळणाऱ्या तारेच्या) टोकाला जिथून लाइन वळून स्पूलवर येते तो छोटा रोलर. खाऱ्या पाण्यात पहिला मरतो तो हाच. मीठ जातं, बेअरिंग धरतं, रोलर फिरायचा बंद होतो आणि लाइन त्याच्यावरून नुसती घासत जाते, लाइन पिळते, ब्रेड (विणलेली लाइन) असेल तर तंतू सुटायला लागतात आणि आपण दोष देतो लाइनला. चांगल्या रीलमध्ये ह्या एका रोलरला वेगळं सील असतं. तसंच हँडल उलटं फिरू न देणारा क्लच. गळ बसवायला झटका दिला आणि हँडल ‘टक्’ करून मागे आलं की समजायचं गळ अर्धाच बसला.

आणि गिअर. स्वस्तात जस्ताचा ओतीव गिअर येतो, वरच्या रेंजमध्ये थंड अवस्थेत ठोकून घडवलेल्या अॅल्युमिनियम मिश्रधातूचा. नवीन असताना दुकानात हँडल फिरवून दोन्ही सारखेच मऊ लागतात, आतल्या जाड ग्रीसची मेहेरबानी. फरक कळतो वर्षभर वजनदार जिग (धातूचा जड ल्युअर) ओढल्यावर, जेव्हा एकाच्या हँडलमधून दळल्यासारखी घरघर हाताला लागायला लागते. आता कोणी म्हणेल मी तर तळ्याकाठी रॉड स्टँडला लावून पिठाचे गोळे टाकून बसतो, मला काय करायचंय हे सगळं. बरोबर आहे, तुम्हाला नाहीच करायचं. तुमच्यासाठी तो मेसेज जवळजवळ पूर्ण खरा आहे, खुशाल साधं रील घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या गळांवर घाला.

आता रॉड मोडण्याचं. ह्यावर जरा सविस्तर बोलायलाच हवं, कारण इथे अर्धवट माहिती फार आहे. कार्बनचा रॉड बाजारात आला १९७० च्या दशकात, अमेरिकेतल्या फेनविकने १९७३ मध्ये आणला, त्याआधी फायबरग्लासचं राज्य होतं. कार्बनमध्ये मॉड्युलस म्हणजे तंतूचा ताठपणा. तंतू जितका ताठ तितकं कमी मटेरियल लागतं, म्हणून नळीची भिंत पातळ होते, रॉड हलका होतो, आणि हो, ठोकर सोसायची ताकद कमी होते. म्हणजे मेसेजवाला म्हणतो ते इथे खरं आहे. बोटीच्या कठड्यावर आपटला, शिशाचं वजन उडून नळीवर बसलं, की डोळ्याला न दिसणारी इजा होते आणि चार दिवसांनी साध्या माशावर रॉड जातो, मग लोक म्हणतात ‘एवढा महाग आणि एवढ्याशा माशाला मोडला’. मोडला तो चार दिवसांपूर्वीच, आवाज आज आला.

उरलेले बरेचसे रॉड मरतात ते गाडीच्या दारात, छताच्या पंख्यात, किंवा मासा पायाशी आल्यावर रॉड पार डोक्यामागे नेऊन उचलताना. असा उचलला की खालचा जाड भाग कामच करत नाही, सगळं वजन टोकाच्या वीतभर भागावर. ह्यात ग्लासचा रॉड वाचतो हे खरं, पण म्हणून तो चांगला आणि कार्बन वाईट कसा काय? ग्लास जड असतो आणि कास्ट केल्यावर, म्हणजे ल्युअर लांब फेकल्यावर, त्याचं टोक लवकर थांबत नाही, थरथरत राहतं, लाइन गाइडवर आपटत जाते आणि अंतर मार खातं. शिवाय तळाशी ल्युअर दगडाला लागला की वाळूला, हे कार्बनच्या हलक्या टोकातून बोटांना जसं कळतं तसं ग्लासमधून कळत नाही. मात्र तीन तोंडी गळ लावलेला क्रँकबेट (पाण्यात डुगडुगत चालणारा माशासारखा ल्युअर) ओढायचा असेल तर ग्लासचा तो आळशीपणाच कामाला येतो, मासा गळ नीट तोंडात घेईपर्यंत रॉड त्याला सवड देतो. काम कुठलं ते बघून घ्यायचं. आणि नळीवर ‘आयएम ८’, ‘आयएम १०’ असं छापलेलं बघून भुलायचं नाही, आयएम ६, आयएम ७ ही मुळात एका कंपनीच्या तंतूंची व्यापारी नावं, सगळ्या रॉडवाल्यांना बांधणारं असं काही प्रमाण त्यात नाही.

रॉडमध्ये पैसे खरे कुठे दिसतात तर गाइडमध्ये. कापूस लावलेली कानकाडी प्रत्येक गाइडच्या रिंगमध्ये आतून गोल फिरवा, कुठे कापसाचा धागा अडकला तर तिथे चीर आहे किंवा ब्रेडने चर पाडलाय. हलक्या दर्जाच्या रिंगवर हे होतं, सिलिकॉन कार्बाइडच्या रिंगवर ब्रेडने सहसा काही होत नाही. गाइडची फ्रेम टायटॅनियमची असेल तर टोकाचं वजनही उतरतं, आणि टोकावरचे दोन ग्रॅम हातात फार जास्त वाटतात. तेच रीलच्या वजनाचं, २५०० साइजचं स्वस्त रील अडीचशे ग्रॅमच्या वर जातं, हलकं महागडं १८० च्या आसपास. दहा कास्टला कळत नाही, दिवसभर ल्युअर फेकत राहिलं की मनगट सांगतं. मनगट दुखलं की माणूस दुपारी गाशा गुंडाळतो, आणि संध्याकाळची चांगली वेळ हुकते ती हुकतेच.

बांबू आणि हातदोरी. हे ऐकलं की मला हसूच येतं. हातदोरीने मोठा मासा काढणाऱ्याचा हात हाच त्याचा ड्रॅग होता, तोही असा की कुठल्याही कंपनीला बनवता येणार नाही, बोटांना ओढ कळली की सोडायची, ढिली पडली की घ्यायची. तो हात कमवायला अर्धं आयुष्य गेलेलं असतं आणि बोटं चिरलेली असतात ती वेगळीच. रील त्याचीच नक्कल करायला बघतं. १९१० च्या दशकात स्टार ड्रॅग (हँडलजवळच्या चांदणीच्या आकाराच्या चाकाने आवळायचा ड्रॅग) येईपर्यंत समुद्रात मोठ्या माशामागे जाणारे लोक स्पूलवर चामड्याचा तुकडा अंगठ्याने दाबून ब्रेक लावायचे, आणि उलटं फिरणारं हँडल बोटांची हाडं फोडायचं. सुखासुखी कुणी ड्रॅग शोधून काढला नाही. आणि बांबूचंच म्हणाल तर चिरलेल्या बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून केलेले रॉड हे त्यांच्या काळातले महागडेच रॉड होते, आजही हाताने बनवलेला तसला रॉड घ्यायला गेलात तर चांगल्या कार्बन रॉडचे पैसे कमी वाटतील.

उरलं पाच स्वस्त रीलचं गणित. कागदावर छान दिसतं. पण पाच रील घेऊन कोणी पाण्यावर जातं का? बिघडतं ते मासा लागल्यावर, आणि तेव्हा हातात एकच असतं, बाकीची चार घरी कपाटात. दुसरं म्हणजे फेकून द्यायचं रील दुरुस्त होत नाही, कारण सुटे भाग मिळतच नाहीत, बेलची एक स्प्रिंग तुटली की सगळं भंगारात. बऱ्या कंपन्या प्रत्येक मॉडेलचा भागांचा नकाशा देतात, त्यावर नंबर असतात, आणि त्या नंबराने वॉशर, स्प्रिंग, बेअरिंग मागवता येतं.

वरच्या टोकाला मात्र मीही मेसेजवाल्याच्याच बाजूने आहे. खालून मधल्या रेंजला आलात की फरक धडधडीत कळतो, मधल्यातून सगळ्यात वर गेलात की किंमत तिप्पट-चौपट होते आणि मिळतं काय तर थोडं वजन कमी, थोडा जास्त मऊपणा, जास्त चांगलं सील. ट्यूना नाहीतर जायंट ट्रेव्हलीसारख्या दांडग्या समुद्री माशांच्या मागे असाल, रील तासभर पूर्ण ताणाखाली राहणार असेल, तर ते सील आणि ती मजबुती कामाची. किंवा ३ ग्रॅमचे ल्युअर बेटकास्टिंग रीलवरून, म्हणजे फेकताना ज्याचा स्पूल स्वतः फिरतो त्या रीलवरून, फेकायचे असतील तर हलका स्पूल लागतोच, जड स्पूल एवढ्याशा वजनाने फिरतच नाही, जोर लावला तर गुंता होतो. बाकीच्यांनी दोन-तीन वर्षं थांबून कंपनी वरच्या मॉडेलची करामत खालच्या मॉडेलमध्ये कधी उतरवते ते बघावं, उतरवतातच. आणि दुकानात उभं राहून हँडल गरागरा फिरवण्यापेक्षा दुकानदाराला सरळ विचारा, ह्याचे ड्रॅग वॉशर नि बेलची स्प्रिंग सुटी मागवून देशील का. तो ‘अहो नवीनच घ्या की’ म्हणाला तर ते रील परत काचेत ठेवायला सांगा.