गंधक आणि जळक्या तेलाचं ‘घरगुती रबर’: काय खरं, काय खोटं

तासगाव-मिरज भागातल्या बागायतदारांच्या ग्रुपांवर एक मेसेज व्हिडिओसकट फिरतोय. फवारणीतून उरलेलं गंधक आणि फरसाणवाल्याकडचं जळकं तेल समसमान घ्या, चुलीवर वितळवा, दहा मिनिटांत रबर तयार. ते शेततळ्याला अस्तर म्हणून घाला, पाटाच्या फटीत भरा, पाण्याच्या टाकीला आतून लावा. पुरावा काय, तर ‘टायरमध्येही गंधकच असतं.’ निव्वळ थाप असती तर सोडून दिली असती. अडचण ही की यातलं रसायनशास्त्र अर्धं खरं आहे.

आधी ते उरलेलं गंधक. द्राक्षावरच्या भुरी रोगावर आपण मारतो ते बहुतेक ८० टक्के डब्ल्यूडीजी, म्हणजे पाण्यात मिसळायचे दाणे. बाकीच्या २० टक्क्यांत दाणे पाण्यात फुटावेत, तरंगत राहावेत म्हणून घातलेली द्रव्यं असतात. रबरात ती नुसती घाण. प्रयोगशाळेत वापरतात ते ९९ टक्क्यांच्या वरचं शुद्ध गंधक.

शुद्ध गंधक सुमारे ११९ अंश सेल्सिअसला वितळतं. तेव्हा ते पिवळं आणि पातळ असतं. आठ-आठ अणूंची सुटी कडी एकमेकांवरून घसरत असतात. १५९ अंशांच्या पुढे कडी तुटतात, टोकाला टोक जुळून लांबच लांब साखळ्या होतात, रंग तांबूस-काळा होतो आणि द्रव बघता बघता काकवीसारखा घट्ट. गुऱ्हाळात रस घट्ट होतो तो पाणी उडाल्यामुळे. इथं काहीच उडत नाही, फक्त साखळ्या वाढतात. १८७ अंशांच्या आसपास तो सर्वांत घट्ट असतो. हा रस थंड पाण्यात ओतला की रबरासारखा ताणला जाणारा लगदा मिळतो. व्हिडिओ इथंच संपतो. तोच तुकडा काही दिवसांनी हातात घ्या: पिवळा, ठिसूळ, चिमटीत चुरा होणारा. साखळ्यांची पुन्हा कडी झालेली असतात.

साखळ्या टिकवायच्या तर त्यांना कुठंतरी बांधावं लागतं, आणि तेलातले दुहेरी बंध, म्हणजे कार्बनच्या दोन अणूंमधल्या दुहेरी जोडण्या, उघडून ते काम करतात. ही कल्पना खरी आहे. २०१३ साली अॅरिझोना विद्यापीठात जेफ्री प्युन यांच्या गटानं वितळलेल्या गंधकात दुसरं एक दुहेरी बंधांचं द्रव्य घालून टिकाऊ पॉलिमर (लांब साखळ्यांचा पदार्थ) केला. पुढे ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठात कॅनोला तेल आणि गंधक समसमान घेऊन, १८० अंशांच्या आसपास ढवळत, भुसभुशीत रबर केलं गेलं. त्याचा उपयोग पारा शोषून घ्यायला. म्हणजे भुगा म्हणून, ताव म्हणून नाही. ताणलं की ते तुटतं. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद जो ताण सोसतो, तो याच्या आवाक्यातला नाही.

तेलही कुठलंही चालत नाही. तेलात दुहेरी बंध किती हे आयोडीन मूल्यावरून कळतं. सूर्यफुलाच्या तेलाचं ते १२० च्या आसपास किंवा वर, पामोलिनचं ६० च्या आसपास. म्हणजे दुहेरी बंध निम्मेच. त्यातून तळून तळून आणखी काही खर्ची पडलेले. हाती येतो चिकट गोळा, आणि न बांधलं गेलेलं गंधक काही दिवसांनी पृष्ठभागावर पिवळी पूड होऊन येतं. रबर मोल्डिंगवाले याला ‘ब्लूम’ म्हणतात. असलं काही पिण्याच्या पाण्याच्या टाकीत लावायचं नाही.

चुलीचा भाग सर्वांत वाईट. गंधक उष्णता नीट वाहून नेत नाही; वर थर्मामीटर १७० दाखवत असताना बूड २३० ला गेलेलं असू शकतं, आणि साधारण तिथंच ते आपोआप पेटतं. शिवाय तेलाबरोबरची क्रिया स्वतःच उष्णता सोडते. घट्ट झालेला गोळा ढवळता येत नाही, आतली उष्णता अडकते, हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्याचा वास येतोय तोवर निदान कळतं तरी. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. बेदाण्याला गंधकाची धुरी देणाऱ्यांना सल्फर डायऑक्साइडचा ठसका ठाऊक आहे. हायड्रोजन सल्फाइड त्याहून घातक. पेटलंच तर झाकण किंवा वाळू टाका. पाण्याचा फवारा जोरात मारला तर वितळलेलं गंधक अंगावर उडतं.

टायरचं म्हणाल तर तिथं उलटा हिशेब आहे. शंभर भाग रबराला गंधक एक ते तीन भाग. लांब साखळ्या रबराच्या, गंधक फक्त त्यांच्यातला पूल.

पाटाच्या फटीसाठी गंधकाचा पॉलिमर खरोखरच मिळतो: दोन भागांचं पॉलिसल्फाइड सीलंट, आयएस १२११८ या भारतीय मानकाचं. सांधा ब्रशनं घासून कोरडा करा, तळाशी फोमची बॅकर रॉड (गोल लवचीक दांडी) दाबा, कडांना प्रायमर लावा. दोन्ही भाग पूर्ण डबा धरूनच, कमी वेगाच्या ड्रिलनं मिसळा. अंदाजानं अर्धा-पाव घेतला तर कुठं कडक, कुठं ओलं राहतं. रॉड न घातल्यास सीलंट तळालाही चिकटतं आणि सांधा उघडला की मधोमध फाटतं. ओल्या काँक्रीटवर तर ते कडेनंच सुटतं. पाणी सोडण्याआधी साधारण आठवडा जाऊ द्यावा लागतो. आवर्तनाच्या, म्हणजे कालव्याला पाणी सुटण्याच्या, तोंडावर भरलेला सांधा म्हणूनच पहिल्या पाण्याला गळतो.