गाझी बुडाली, पण करंजने नाही बुडवली

उलव्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मेसेज तीन जणांनी टाकला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: “'द गाझी अटॅक' हा सिनेमा नाही, खरा इतिहास आहे. १९७१ साली अमेरिकेने दिलेली अणुपाणबुडी घेऊन पाकिस्तानी आपल्या विक्रांतवर टपून बसले होते. आपल्या उरणच्या करंज्याचं नाव लावणाऱ्या एस-२१ पाणबुडीने समुद्राखाली समोरासमोर लढून त्यांना बुडवलं. पाणबुडीने पाणबुडी बुडवल्याची जगातली पहिली घटना! सरकारने चाळीस वर्षं दडवून ठेवली, एकालाही पदक नाही. त्या युद्धात आपलं एकही जहाज बुडालं नाही. उरणकरांनो, पुढे पाठवा.”

माझी आत्या करंज्याला दिलेली. द्रोणागिरीच्या पायथ्याशी, जेट्टीवर मासळीच्या पाट्यांमध्ये माझ्या मे महिन्याच्या सुट्ट्या गेल्या आहेत. त्यामुळे करंज्याचं नाव मोठं व्हावं असं वाटणाऱ्यांत मी पहिला. तरीही हा मेसेज पुढे पाठवणार नाही. का ते सांगतो.

आधी त्यात खरं काय आहे ते मान्य करू. उरणजवळच्या करंजा बेटावरून करंज या पाणबुडीला नाव मिळालं, आणि जुन्या करंजचा क्रमांक एस-२१ हाच होता. सिनेमावाल्यांनी खरा क्रमांक उचलला आणि त्यावर स्वतःची गोष्ट रचली. खऱ्या क्रमांकामुळेच लोक फसतात.

खरी करंज ४ सप्टेंबर १९६९ रोजी नौदलात आली, सोव्हिएत बनावटीची. १९७१ च्या युद्धात ती अरबी समुद्रात होती, म्हणजे ही पाकिस्तानी पाणबुडी, गाझी, जिथे बुडाली त्या विशाखापट्टणमच्या नेमक्या उलट्या बाजूला. तिचे कप्तान होते विजयसिंह शेखावत. सिनेमात एस-२१ चा कप्तान मोहिमेतच प्राण देतो. खरे कप्तान युद्धानंतर बढत्या घेत घेत १९९३ मध्ये नौदलप्रमुख झाले. त्यांच्या नावापुढे वीरचक्र आहे, म्हणजे 'एकालाही पदक नाही' हेही इथेच निकालात निघालं. १० मार्च २०२१ रोजी मुंबईत नवी करंज दाखल झाली तेव्हा प्रमुख पाहुणे म्हणून तेच समोर उभे होते. हा समारंभ आपल्यापासून खाडीपलीकडे झाला, बातम्याही आल्या होत्या.

अणुपाणबुडीचं एका दमात संपवू. गाझी डिझेल आणि बॅटरीवर चालणारी, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी बांधलेली. अमेरिकेच्या नौदलात तिचं नाव होतं डायब्लो, स्पॅनिशमध्ये सैतान. १९६४ साली ती पाकिस्तानला भाडेपट्ट्याने मिळाली. पाकिस्तानच्या इतर पाणबुड्या नव्या फ्रेंच बांधणीच्या, पण त्यांचा पल्ला छोटा. कराचीहून निघून श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात जाऊन राहण्याची ताकद या एका म्हातारीतच होती. म्हणून तिला पाठवलं.

'जगातली पहिली घटना' हेही तसंच. दोन्ही पाणबुड्या पाण्याखाली असताना एकीने दुसरीला बुडवल्याची नोंद ९ फेब्रुवारी १९४५ ची आहे. नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ ब्रिटिशांच्या व्हेंचररने जर्मनांची यू-८६४ बुडवली. पाण्याखाली शत्रूची दिशा, वेग, खोली हे सगळं निव्वळ आवाजावरून ताडायचं आणि टॉर्पेडो सोडायचा. हे इतकं अवघड आहे की युद्धात दोघीही पाण्याखाली असताना असा नेम लागल्याचं हे एकच उदाहरण सांगतात. आणि आवाजाचा विषय निघालाच आहे तर, सिनेमात शत्रूला डिवचायला एस-२१ वरचे नौसैनिक मोठ्याने राष्ट्रगीत म्हणतात. माझ्याही अंगावर काटा आला होता. पण पाणबुडीचा जीव तिच्या गप्प बसण्यात असतो, हे नौदलातल्या कुणालाही विचारा. विशाखापट्टणमच्या समुद्रकिनाऱ्यावर करंजची जुळी बहीण कुरसुरा २००२ पासून संग्रहालय म्हणून ठेवली आहे. आत शिरून बघा. सरळ चालता येत नाही, दर पाच पावलांवर वाकावं लागतं.

आता विक्रांत. गाझी विक्रांतच्या मागावर होती हे खरं. पण विक्रांत 'थोडक्यात वाचली' असं जे सिनेमामुळे वाटतं, तिथे मेसेज सगळ्यात मोठी गोष्ट गमावतो.

विक्रांतच्या चारपैकी एका बॉयलरला तडे गेले होते. वेग मंदावलेलं विमानवाहू जहाज म्हणजे पाणबुडीला आयतं सावज. पूर्व नौदल कमांडचे प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन यांना गाझीची चाहूल लागली ती एका क्षुल्लक गोष्टीवरून. चितगावला विशिष्ट वंगणतेलाची चौकशी करणारा संदेश आपल्याकडे पकडला गेला. ते तेल मुख्यतः पाणबुड्यांना लागायचं. पूर्वेकडे येऊ शकणारी पाकिस्तानी पाणबुडी एकच, त्यामुळे अंदाज बांधायला वेळ लागला नाही. विक्रांतला गुपचूप अंदमानकडे हलवलं. आणि विशाखापट्टणमच्या आसपास तिचं सोंग घ्यायला उभी केली राजपूत. ही जुनी ब्रिटिश विनाशिका, तिचं मूळ नाव रॉदरहॅम, १९४९ मध्ये भारताकडे आलेली.

हे सोंग कसं वठवलं ते कृष्णन यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं. राजपूतने समुद्रात थोडं लांब जाऊन बिनतारी संदेशांचा भडिमार केला, जणू मोठा ताफा बोलतोय. एका नौसैनिकाने आपल्या आजारी आईची विचारपूस करणारा साधा, उघडा संदेश पाठवला. युद्धात असा ढिलेपणा शत्रूच्या कानावर पडावा म्हणून मुद्दाम. विशाखापट्टणमच्या बाजारात मोठ्या ताफ्याला पुरेल इतक्या शिधासामग्रीची मागणी नोंदवली. बाजारात बातमी किती पटकन पसरते हे वाशीच्या एपीएमसीत एकदा पहाटे गेलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

तर गाझी तिथे वाट बघत राहिली, आणि जिची वाट बघत होती ती तिथे नव्हतीच. ४ डिसेंबरला विक्रांतची विमानं कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले करत होती. ठाणे-मुंबईतल्या आमच्या पिढीने शाळेच्या सहलीत गेटवेजवळ जे विक्रांत संग्रहालय पाहिलं, ते हेच जहाज. यात दोन सिनेमांचा मालमसाला आहे. पण टॉर्पेडो सुटताना दिसत नाही, म्हणून बहुधा कुणाला सुचत नाही.

मग गाझी बुडवली कुणी? इथे मला मेसेजइतकं ठामपणे बोलता येणार नाही. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ले केले, आणि त्याच रात्री बाराच्या आसपास राजपूत बंदरातून बाहेर पडत होती. पाण्यावर संशयास्पद खळबळ दिसली तशी तिचे कप्तान लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांनी वळण घेऊन दोन डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे पाणबुडीविरोधी बॉम्ब, टाकले आणि जहाज पुढे काढलं. मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात एवढा मोठा स्फोट झाला की किनाऱ्यावरच्या घरांच्या काचा हादरल्या. सकाळी मच्छीमारांना तेलाचा तवंग आणि तरंगते अवशेष दिसले. मग पाणबुडे खाली उतरले आणि ओळख पटली. गाझीबरोबर नव्वदच्या वर माणसं गेली, एकही वाचला नाही.

नौदलाने श्रेय राजपूतला दिलं, इंदर सिंग यांना वीरचक्र मिळालं. पाकिस्तान म्हणतो की गाझी तिथे पाणसुरुंग पेरत होती आणि स्वतःच्याच सुरुंगाने किंवा आतल्या स्फोटाने फुटली. आणि हे फक्त पाकिस्तानच म्हणतो असं नाही. पुढचा भाग ज्या पद्धतीने फाटला आहे त्यावरून आपल्याकडच्या काही निवृत्त अधिकाऱ्यांनीही आतल्या स्फोटाची शक्यता बोलून दाखवली आहे. मला विचाराल तर डेप्थ चार्जच्या धक्क्याने बिथरलेली गाझी घाईत आपल्याच सुरुंगावर गेली असेल, किंवा आतले सुरुंग फुटले असतील, हे मला पटतं. पण हा माझा कयास आहे. एवढं मात्र नक्की, की या वादात दोन्ही देशांच्या कुठल्याही बाजूने दुसऱ्या पाणबुडीचं नाव कुणी गंभीरपणे घेतलेलं नाही. सिनेमाच्या निर्मात्यांनीही आपलं काम काल्पनिक असल्याचं सुरुवातीलाच सांगितलं आहे. ती पाटी येते तेव्हा आपण पॉपकॉर्न घेऊन खुर्ची शोधत असतो.

'सरकारने दडवलं' यावर फार लिहायची गरज नाही. ९ डिसेंबर १९७१ रोजी, युद्ध चालू असतानाच, गाझी बुडाल्याचं भारताने जाहीर केलं होतं. पाच-सहा दिवस थांबले ते शत्रूला स्वतःच्या पाणबुडीची वाट बघत बसू द्यावं म्हणून, असं मानायला जागा आहे.

राहिली शेवटची ओळ, 'आपलं एकही जहाज बुडालं नाही'. बाकीच्या चुका मी हसून सोडल्या असत्या, ही नाही.

२ आणि ३ डिसेंबरच्या रात्री मुंबईहून आपला पश्चिम ताफा निघाला तेव्हा हँगोर ही पाकिस्तानी पाणबुडी त्याच पाण्यात होती. जहाजं तिने हेरलीही, पण युद्ध जाहीर झालं नसल्यामुळे हल्ल्याचा हुकूम नव्हता. पुढच्या काही दिवसांत कराचीवर आपल्या क्षेपणास्त्र बोटींनी जे केलं ते सगळ्यांना पाठ आहे, ४ डिसेंबरचा नौदल दिन त्याचाच. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ त्याच हँगोरच्या टॉर्पेडोने आपली युद्धनौका खुकरी बुडाली, काही मिनिटांत. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला इतरांना बाहेर ढकलत राहिले, स्वतः जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. तारीख पुन्हा बघा: गाझी बुडाल्याची घोषणा झाली त्याच दिवशी रात्री.

दीवला समुद्राकडे तोंड करून खुकरीचं स्मारक आहे. आपल्याकडची निम्मी कुटुंबं गिरनार-सोमनाथच्या टूरमध्ये तिथे जाऊन फोटो काढून आली आहेत, आमच्या ग्रुपवर ते फोटो आहेतसुद्धा. म्हणून ज्या काकांनी हा मेसेज पहिल्यांदा टाकला त्यांना एकच विनंती. काका, राग मानू नका, करंजची गोष्ट ठेवायची तर ठेवा. ती शेवटची ओळ तेवढी काढा.