भुयारी स्थानक बुडतं ते दारातून

२६ मे २०२५ ला वरळीच्या आचार्य अत्रे चौक मेट्रो स्थानकात चिखलाचं पाणी घुसलं आणि 'मुंबईत जमिनीखाली मेट्रो हवीच कशाला?' हे पुन्हा सुरू झालं. माझ्या मते दोष भुयाराचा नाही, दाराचा आहे. त्या दिवशी पाणी आलं ते काम अपुरं असलेल्या प्रवेशद्वारातून. ते अडवायला बांधलेली काँक्रीटची भिंतच कोसळली.

जमिनीतल्या पाण्याचा बंदोबस्त स्थापत्यवाल्यांना चांगला ठाऊक आहे. हे स्थानक ज्या मार्गावर आहे त्या मेट्रो ३ ची २७ पैकी २६ स्थानकं जमिनीखाली आहेत. गिरगाव, काळबादेवीसारख्या चिंचोळ्या वस्तीत आतून पोखरत गेले, बहुतेक ठिकाणी मात्र वरून खोदलं. वरून खोदताना आधी कडेने पाइल्सची, म्हणजे जमिनीत खोल घातलेल्या काँक्रीटच्या खांबांची भिंत, मग लोखंडी आडवे टेकू देत खाली जायचं, तळाचा स्लॅब, वॉटरप्रूफिंग, भिंती, छत, शेवटी भराव. भूजल २ मीटरवर आणि तळ २२ मीटरवर असेल तर तळाच्या प्रत्येक चौरस मीटरला पाणी २० टनांनी वर ढकलतं. स्थानकाची रिकामी काँक्रीटची पेटी होडीसारखी उचलली जाऊ शकते. म्हणून तळ जाड ठेवतात, खडकात अँकर, म्हणजे तळाला धरून ठेवणाऱ्या सळ्या घालतात आणि छतावर भराव पडेपर्यंत दाब सोडणारे पाइप स्लॅबमध्ये उघडे ठेवतात. ते घाईने बुजवले की स्लॅब तडकतो. काँक्रीटच्या सांध्यातून पाणी येऊ नये म्हणून घातलेली वॉटरस्टॉप पट्टी काँक्रीट ओतताना दुमडली, तर तिथे कायमची गळती. पण ही गळती थेंबाथेंबाची, पंप ती सहज उपसतात.

दाराचं गणित वेगळं. ४ मीटर रुंद दारातून अर्धा मीटर उंचीचं पाणी आत पडू लागलं, तर सेकंदाला दोन हजार लिटरहून जास्त होतं. तेवढं उपसायला स्थानकातले पंप नसतातच.

खाली उतरण्याआधी दोन-चार पायऱ्या चढाव्या लागतात, त्या यासाठी. कृपा करून त्या काढायची मागणी करू नका. व्हीलचेअरसाठी रॅम्प हवाच, पण तोही तेवढीच उंची चढून मग आत आला पाहिजे. लिफ्टचं दार, हवा आत-बाहेर सोडणारं तोंड, शेजारच्या इमारतीतून जोडलेली वाट, यातलं सगळ्यात खालचं तोंड जिथे असेल तीच स्थानकाची खरी उंची. ही उंची त्या जागी आजवर साचलेल्या पाण्यावरून ठरवावी, रस्त्यावरून नको. डांबराचे थर चढत रस्ता वर येतो आणि पायरी बुटकी होत जाते.

दाराच्या दोन्ही बाजूंना पाणी अडवणाऱ्या फळ्या बसवायच्या खोबणी असतील, तर त्यात खडी-माती भरते, फळीचं रबर वाळून कडक होतं. पावसाआधी फळ्या एकदा प्रत्यक्ष लावून किती मिनिटं लागतात ते मोजायला हवं. न्यूयॉर्कचं साउथ फेरी स्थानक २००९ मध्ये नवं बांधलं. २०१२ च्या सँडी वादळात दारातली प्लायवूड आणि वाळूच्या पोत्यांची आडकाठी टिकली नाही. ते पुन्हा उघडायला २०१७ उजाडलं.

म्हणून अपुऱ्या दाराला तात्पुरती भिंत चालवून घेऊ नये. उरलेल्या स्थानकाइतकाच पाण्याचा दाब धरून तिचं डिझाइन व्हावं, शेजारून जाणाऱ्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या आधी शोधाव्यात, आणि हे सगळं एप्रिलअखेर संपावं. जूनचा हिशेब धरून भागणार नाही. २०२५ ला मान्सून मुंबईत पोचला तो त्याच २६ मे रोजी.