प्राग कॅसल – ४५ मिनिटं

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक एक्सेल शीट येऊन पडली. "युरोप फायनल प्लॅन. सूचना असल्यास सांगाव्यात." बी विंगमधल्या काकांची. ग्रुपवर सगळे अंगठ्याचं चिन्ह टाकून मोकळे झाले. सूचना ग्रुपवर मावणार नाहीत, म्हणून इथे लिहितेय.

पाच रात्री, तीन राजधान्या. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. प्रागच्या वाट्याला दीड दिवस, त्यात अकरा ओळी आणि प्रत्येक ओळीपुढे मिनिटं. सातवी ओळ वाचून चहा निवला: "प्राग कॅसल – ४५ मिनिटं (फोटोसह)".

फोटोसह!

अहो, प्रागचा किल्ला ही एक इमारत नाही, वस्ती आहे. एकात एक उघडणारी तीन अंगणं, सेंट व्हायटस कॅथेड्रल, जुना राजवाडा, सेंट जॉर्जची बॅसिलिका आणि बुटक्या रंगीत घरांची गोल्डन लेन. त्यातल्या २२ नंबरच्या घरात लेखक काफ्का १९१६-१७च्या सुमारास लिहायला बसायचा. एकट्या कॅथेड्रलचं काम १३४४ साली सुरू झालं ते १९२९ साली संपलं. बांधणाऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या खपल्या, आणि आपण पाऊण तासात तिकिटाची रांग, आत जाणं, बाहेर येणं, वर फोटो. बरं, यांचा तो दिवस रविवार आहे. रविवारी सकाळी तिथे प्रार्थना असते, पर्यटकांना दार दुपारी बारानंतर उघडतं. शीटमध्ये वेळ आहे सकाळी साडेनऊ.

या सगळ्याच्या मुळाशी आपला एक शब्द आहे: 'कव्हर करणे'. "आम्ही प्राग कव्हर केलं." वह्यांना घालतात ते कव्हर. शहराला कसलं घालताय?

हो, मान्य. विमानाचं तिकीट स्वस्त नाही, व्हिसाची फी माणशी ९० युरो, आणि "परत कोण जाणार आहे" हे खोटं नाही. पण त्याच हिशेबाने बघा ना! प्राग ते व्हिएन्ना रेल्वेने चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीनच्या आसपास. कागदावर बरं दिसतं. त्यात बॅगा भरणं, खोली सोडणं, स्टेशन गाठणं, नव्या गावात दुपारी दोन-तीनपर्यंत खोली मिळत नाही म्हणून सामानाचा लॉकर शोधणं हे धरा. गाव बदललं की अर्धा दिवस गेला. दोनदा बदललं की एक अख्खा. पाच रात्रींत मुळात पुरते दिवस चार, उरले तीन. तीन दिवसांत तीन राजधान्या, म्हणजे तीन रेल्वे स्टेशनं बघून यायचं.

व्हिसाचा घोळ वेगळाच. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्ज ज्या देशात जास्त मुक्काम, त्या देशाकडे करायचा. मुक्काम सारखे असतील तर जिथून शेंगेनमध्ये पाऊल टाकणार, त्या देशाकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, पंधरा दिवस ही शेवटची मुदत. उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाही, तेव्हा विमानाआधी ती बघा. विमा किमान ३० हजार युरोंचा हवा. मुंबईहून प्रागला थेट विमान नाही. फ्रँकफर्टला बदलणार असाल तर इमिग्रेशन फ्रँकफर्टलाच होणार, आणि आता नव्या पद्धतीत बोटांच्या ठशांची तपासणी आणि चेहऱ्याचा फोटोही तिथेच. मधे सव्वा तास ठेवलाय शीटमध्ये. तीन तास ठेवा. ते पुढचं विमान वाट बघत नाही.

तर एकच गाव घ्या. प्राग घ्या, चार रात्री. पाचवी हवी तर तासाभराच्या गाडीने जवळच्या कुटना होरा गावाला जा आणि रात्री परत या, मुक्काम हलवू नका.

आता दिवस कसे लावायचे ते. आपण उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे असतो, त्यामुळे पहिल्या दोन पहाटे तुम्ही चारला टक्क जागे होणार. गोळ्या घेऊन लोळू नका, चार्ल्स ब्रिजवर जा. जूनमध्ये पाचला उजेड असतो. १३५७ साली पायाभरणी झालेला, अर्ध्या किलोमीटरहून थोडा लांब, दोन्ही कठड्यांवर तीस पुतळे. त्या वेळी पुलावर झाडूवाले, एखाद-दुसरा फोटोवाला आणि तुम्ही. दहा वाजता तोच पूल म्हणजे गणपतीतला लक्ष्मी रोड. शीटमध्ये पुलाची वेळ काय, तर ११.२०.

जुन्या शहरातलं घड्याळ, ऑरलॉय. सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत दर तासाला खिडक्यांतून येशूच्या बारा प्रेषितांचे पुतळे फिरतात, सांगाडा घंटा ओढतो, शेवटी कोंबडा आरवतो. मिनिटभराचाही खेळ नाही, आणि त्यासाठी पाचशे माणसं माना वर करून उभी. तो बघाच, पण नंतर गर्दी पांगली की दोन तबकड्यांतली वरची नीट बघा. १४१०ची आहे. सगळ्यात बाहेरच्या कड्यावर जुन्या वळणाचे १ ते २४ आकडे आहेत. ते सूर्यास्तापासून मोजायचे जुने चेक तास, म्हणून ते कडं ऋतूप्रमाणे सरकतं. आपल्या पंचांगात घटका-पळं सूर्योदयापासून, यांचे तास सूर्यास्तापासून. आतल्या कड्यावर बारा राशी, कोणत्या राशीत सूर्य आहे ते दिसतं. (सायन, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीच्या राशी बरं का. आपल्या पत्रिकेशी ताडून बघून वाद घालू नका.) मग कोपऱ्यावरून वळा, टाऊन हॉलच्या पूर्वेच्या बाजूला खाली फरशीत २७ पांढरे क्रॉस आहेत. २१ जून १६२१ला तिथे २७ जणांना जाहीर देहदंड दिला. बहुतेक लोक त्यांच्यावर उभे राहून सेल्फी काढतात.

ज्यू वस्तीचं संग्रहालय शनिवारी बंद असतं. त्यातल्या पिंकस सिनेगॉगच्या (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) भिंतींवर जवळजवळ ८० हजार नावं हाताने लिहिलेली आहेत, नाझींनी मारलेल्यांची. नाव, जन्मतारीख, शेवटची माहीत असलेली तारीख. त्यानंतर लगेच जेवायला जायचं ठरवू नका.

पैसे. चेक प्रजासत्ताकात युरो नाही, कोरुना चालतो. बहुतेक ठिकाणी कार्ड चालतं, फक्त सार्वजनिक संडासासाठी सुटी नाणी ठेवा. एटीएम आणि कार्डाचं मशीन विचारतं: रुपयांत की कोरुनात? कायम कोरुना. रुपये म्हटलं की दर ते ठरवतात आणि तुम्ही भरता. गल्लीतल्या नोटा बदलून देणाऱ्या काउंटरवर फसलात, तर पावती टाकू नका. हजार युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करून मागायचा हक्क तिथल्या कायद्याने दिलाय. ट्रामचं कागदी तिकीट चढल्यावर मशीनमध्ये एकदा ठोकायचं. खिशात तिकीट आहे पण ठोकलेलं नाही, तर दंड.

एवढं सगळं रागारागात टाइप करून झाल्यावर ती शीट परत उघडली. मोबाइलवर उजवीकडे सरकवल्याशिवाय शेवटचा रकाना दिसतच नाही. रकान्याचं नाव 'कोण'. दहा ओळींपुढे 'सगळे'. सातव्या ओळीपुढे लिहिलंय: "आई – जमेल?"

म्हणजे आजी जाणार आहेत. बाल्कनीत सकाळी काठी टेकून उभ्या असतात त्या. आणि ४५ मिनिटं लिहिली आहेत ती बहुधा त्यांना तेवढा वेळ खाली बाकावर बसवून ठेवायचं म्हणून.

काका, जमेल. खालून पायऱ्यांनी चढू नका, तोच चढ लोकांचे गुडघे मोडतो. नॅशनल थिएटरपासून २२ नंबरची ट्राम घ्या आणि 'प्राझ्स्की ह्राद' थांब्यावर उतरा. ट्राम डोंगर चढून देते. तिथून पाच मिनिटांत जवळपास सपाट रस्त्याने, एका छोट्या पुलावरून, थेट दुसऱ्या अंगणात. ट्राम खालच्या पायरीची आहे का, ते वेळापत्रकात व्हीलचेअरचं चिन्ह बघून कळतं. जुन्या गाड्यांना उंच पायऱ्या असतात, ती सोडून पुढची घ्या. कॅथेड्रलच्या आत सपाट आहे, मनोऱ्यावर लिफ्ट नाही, तो सोडा. फरशी सगळीकडे गोटेवजा दगडांची आहे, व्हीलचेअर असेल तर मोठ्या चाकांची, आणि आजींना घट्ट लेसचे बूट, सँडल नकोत. किल्ल्याचं तिकीट दोन दिवस चालतं. पहिल्या दिवशी फक्त कॅथेड्रल, दुसऱ्या दिवशी बाकीचं. मधे अंगणात बसा. अंगणांना तिकीट लागत नाही.

सातव्या ओळीतली मिनिटं तेवढी खोडा.

ता. क. : सामानाच्या यादीत तूप आणि पेढे आहेत. युरोपीय संघात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, कस्टमवाले काढून ठेवतात. चिवडा, चकली, मेतकूट खुशाल न्या. पेढे इथेच वाटा, बी विंगपासून सुरुवात केली तरी चालेल.