लोणचं नाही हो, फिल्म आहे!

रविवारी ग्रँट रोडहून बोरिवली स्लो पकडली. मांडीवर पत्र्याचा गोल डबा, त्यात 'टॉम अँड जेरी'चं १६ एमएमचं रीळ, चोर बाजारातून उचललेलं. किंमत सांगत नाही. घरीही सांगितलेली नाही.

महालक्ष्मीला समोरच्या काकांचं नाक हललं. दादरला त्यांनी विचारलंच, "लोणचं का हो?"

"नाही, फिल्म."

"मग आंबट वास?"

इथे गप्प बसायचं, तर मला विद्वत्ता फुटली. म्हटलं, ॲसिटेटची पट्टी दमट हवेत सडते, ॲसिटिक आम्ल सुटतं. एका रिळाला झालं की शेजारच्यालाही लागतं.

'लागतं' ऐकताच काकांनी पायाशी ठेवलेली पिशवी उचलून छातीशी धरली. बाजूच्या बाईंनी रुमाल काढला.

"माणसांना नाही हो!"

"सगळे आधी असंच म्हणतात." मग वांद्र्यापर्यंत उपचार. "कडक उन्हात घाला दोन दिवस. वर पातळ फडकं. आमची आई आमसुलं अशीच वाळवायची."

"उष्णतेनं वाढतो हा रोग."

"मग तुरटी फिरवून बघा." आणि उतरता उतरता, "पण हे मोबाइलवर फुकट दिसतं ना?"

दिसतं. काय दिसतं पण? १९४० ते १९५८ या काळात हॅना आणि बार्बेरा या जोडीनं टॉम-जेरीचे ११४ लघुपट केले, सात ऑस्कर मिळवले. पुढे टीव्हीसाठी त्यातल्या कित्येकांत कुठे प्रसंग कापले, कुठे आवाज बदलले. टॉमची ती जगप्रसिद्ध किंकाळी खुद्द विल्यम हॅनाची. ती ऐकायची प्रोजेक्टरच्या खडखडाटात, भिंतीवर ताणलेल्या चादरीसमोर. सात मिनिटांच्या मारामारीला अडीचशे फूट पट्टी लागते, हे हातात धरल्याशिवाय कळत नाही. बोटानं सरकवायच्या गोष्टीला वजन कुठलं? पण हे ऐकायला काका थांबले नाहीत.

घेताना मला वास आला नव्हता का? आला होता. त्या गल्लीत सगळ्यालाच वास येतो. दुकानदार म्हणाला, "कलर एकदम ओके." घरी लावलं तर टॉम गुलाबी, जेरी गुलाबी, चीजही गुलाबी. जुन्या ईस्टमनकलर जातीच्या रंगीत फिल्मचे बाकीचे रंग विटतात, गुलाबी तेवढा उरतो, हे मला पुस्तकी ठाऊक होतं. तरी दुकानात उजेडाला धरून बघितलं नाही, या गोष्टीचा राग अजून गेलेला नाही. राग दुकानदारावरच काढतोय, ते सोपं पडतं.

बाकीच्या रिळांना लागण नको म्हणून डबा कपाटातून हलवलाय. सध्या तो स्वयंपाकघरात, कैरीच्या बरणीशेजारी आहे. तिथे वासाबद्दल कुणी काही विचारत नाही.