‘सिलिकॉन भरपूर लावा, बोल्ट करकचून आवळा’ : ऑइल चेंबरविषयीच्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचे (तेल साठवणाऱ्या भांड्याचे) पॅकिंग, म्हणजे सांध्यातली गळती रोखणारी पट्टी, बदलण्याविषयीचा एक सल्ला वाहनमालक एकमेकांना मोठ्या विश्वासाने देत असतात. चेंबरच्या कडेला तेल दिसले की पॅकिंग गेले असे समजावे, नवे पॅकिंग टाकताना त्याच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉन (ट्यूबमधला, नंतर घट्ट होणारा चिकट लेप) भरपूर लावावे, बोल्ट करकचून आवळावेत आणि सिलिकॉन लगेच धरत असल्याने तेल भरून गाडी सुरू करावी, असा त्याचा सारांश आहे. जुने पॅकिंग पुन्हा वापरू नये हे त्यातून निघणारे तात्पर्य योग्य आहे. बाकीचे चारही मुद्दे तपासून पाहावे लागतील.

पहिल्या मुद्द्याचे उत्तर थोडक्यात देता येते. चेंबर हा इंजिनाचा सर्वांत खालचा भाग असल्यामुळे टॅपेट कव्हर (इंजिनाचे वरचे झाकण), ऑइल प्रेशर स्विच, फिल्टर किंवा क्रँकचे सील (फिरत्या मुख्य दांड्याभोवतीची रबरी कडी) यांपैकी कोठूनही झिरपलेले तेल ओघळत शेवटी चेंबरच्या कडेशीच येऊन थेंब धरते. म्हणून आधी इंजिन बाहेरून स्वच्छ पुसून कोरडे करावे, गाडी थोडी चालवावी आणि ओल कोठून सुरू होते ते वरून खाली पाहत यावे. ब्रीदरची, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर जाऊ देणारी, नळी तुंबली असेल तर आतला वायुदाब वाढून तेल बाहेर ढकलले जाते; अशा वेळी नवे पॅकिंगही फार काळ टिकत नाही.

‘भरपूर सिलिकॉन’ हा सर्वांत घातक मुद्दा आहे. दोन पृष्ठभागांमध्ये दाबले गेलेले जादा सिलिकॉन बाहेर येते तितकेच आतही येते. बाहेरची कड दिसते, म्हणून ती बोटाने पुसली जाते. आतली कड मात्र कोणाला दिसत नाही. तिचे तुकडे सुटून तेल ओढणाऱ्या जाळीवर बसले की पंपाला तेल कमी पडते आणि बेअरिंगे कोरडी चालू लागतात. गळती थांबली म्हणून मालक निर्धास्त असतो, ही त्यातली खरी गंमत. शिवाय साच्यात घडवलेले रबरी पॅकिंग कोरडेच बसवायचे असते, कारण ओल्या सिलिकॉनवरून ते घसरते आणि आवळताना बाहेर सरकते. अशा ठिकाणी पुढचे कव्हर आणि ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) यांच्या सांध्यावर, तेही उत्पादकाने सांगितले असेल तरच, एखादा ठिपका पुरतो. ज्या इंजिनांत पॅकिंगच नसते तेथे साधारण ३ ते ४ मिलिमीटर जाडीची अखंड रेघ बोल्टच्या छिद्रांच्या आतल्या बाजूने ओढतात. दोन्ही पृष्ठभागांवर तेलाचा अंशही नसणे हे सिलिकॉनच्या प्रमाणापेक्षा कितीतरी महत्त्वाचे असते. मात्र ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग पोलादी पत्रीने जोरात खरवडला तर चरे पडतात आणि त्यांतूनच पुढे तेल झिरपते.

बोल्टांविषयी बोलायचे, तर चेंबरमधल्या तेलाला पंपाचा दाब नसतो, त्यामुळे तेथे अचाट जोराची गरजच नाही. ६ मिलिमीटरच्या बोल्टला बहुधा १० न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणजे २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी सुमारे ५ किलोचा जोर पुरतो. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. त्याहून जास्त आवळल्यास पत्र्याच्या चेंबरची कड छिद्रांपाशी दबते आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट राहते, कॉर्कचे पॅकिंग चिरते, नाहीतर ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधले आटे जातात. मधून कडेकडे, समोरासमोरचे बोल्ट घेत, दोन फेऱ्यांत आवळणे हीच सर्वसाधारण रीत आहे.

राहिला ‘लगेच धरते’ हा दावा. हे सिलिकॉन हवेतल्या बाष्पामुळे बाहेरून आत घट्ट होत जाते. दहा-पंधरा मिनिटांत त्यावर साय धरते, तिलाच लोक पूर्ण घट्ट होणे समजतात. आतपर्यंत घट्ट व्हायला बहुतेक प्रकारांना २४ तासांच्या आसपास लागतात आणि थर जितका जाड तितका हा काळ वाढतो. म्हणजे ‘भरपूर लावा’ आणि ‘लगेच सुरू करा’ या एकाच सल्ल्यातल्या दोन सूचना परस्परांच्याच विरोधात जातात. ट्यूबवर लिहिलेला अवधी पाळायचा, तर गाडी साधारण एक दिवस गॅरेजमध्ये ठेवावी लागते, इतकेच.