नोटा दाबून कुठला पक्ष सुधारलाय?

माझी मावशी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. मिरजेत राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली, आणि मतदानाला गेली नाही असं आजवर एकदाही झालेलं नाही. मध्यंतरी एका रात्री साडेनऊला तिचा फोन आला. या वेळेला मावशीचा फोन म्हणजे कुणीतरी गेलं, असंच मला आधी वाटतं. "अगं, नोटाला जास्त मतं पडली की निवडणूकच रद्द होते म्हणे. महापालिकेला आम्ही सगळ्या जणी तेच करायचं म्हणतोय."

सगळ्या जणी म्हणजे तिच्या भिशीतल्या सतरा बायका. ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरत होता, 'पुरोगामी मतदारांनो, आता तरी शहाणे व्हा', मध्ये मध्ये लाल गोळे आणि आवळलेल्या मुठी. मग तोच मला आणखी चार ठिकाणांहून आला. त्यातला एक आमच्या जुन्या अभ्यासमंडळाकडून. तिथे लोक एकमेकांचे ऱ्हस्व-दीर्घ काढत बसतात, पण 'हे खरं का?' एवढं विचारायचं कुणाला सुचलं नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. काँग्रेस आणि तिचे मित्रपक्ष पुरोगाम्यांना गृहीत धरतात, तेव्हा त्यांना ताळ्यावर आणायला नोटा, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण, हाच उपाय. नोटा पहिला आला की निवडणूक रद्द आणि उभ्या राहिलेल्या सगळ्यांवर पाच वर्षं बंदी. ते नको असेल तर घरी बसा, टक्का घसरला की नेते हादरतात. या पक्षांनी पुरोगाम्यांचं आजवर एकही काम केलेलं नाही, आणि आत शिरून तर काहीच होत नाही.

"नोटा जिंकला की निवडणूक रद्द, उमेदवारांवर पाच वर्षं बंदी"

लोकसभा-विधानसभेला असलं काहीही होत नाही. सुप्रीम कोर्टाने २७ सप्टेंबर २०१३ ला नोटाचं बटण द्यायला सांगितलं, तेव्हा मुद्दा गुप्ततेचा होता. त्याआधी कुणालाच मत द्यायचं नसेल तर मतदान केंद्रावर तसं नोंदवून सही करावी लागायची, म्हणजे सगळ्यांदेखत. ते आता बटणावर गुपचूप करता येतं, इतकंच. नोटा मोजला जातो, पण त्याने निकाल हलत नाही. एका उमेदवाराला एकच मत पडलं आणि बाकी अख्खा मतदारसंघ नोटावर गेला, तरी तो एक मतवाला गुलाल उधळून विधानसभेत जाणार.

पाच वर्षांच्या बंदीचं मूळही सापडलं. नोटापेक्षा कमी मतं मिळवणाऱ्यांना पाच वर्षं उभं राहू देऊ नये, अशी याचिका एका प्रसिद्ध वक्त्याने केली होती. एप्रिल २०२४ मध्ये कोर्टाने त्यावर निवडणूक आयोगाला नोटीस काढली. मेसेज लिहिणाऱ्या महाभागाने त्या अर्जालाच कायदा समजून छापून टाकलं.

आता यातलं अर्धं खरंही सांगायला हवं, नाइलाज आहे. राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये फक्त स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी एक आदेश काढला: नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तर त्या जागेसाठी फेरनिवडणूक. मी हे सांगितल्याबरोबर मावशीचा आवाज चढला, "बघ! मी म्हणत नव्हते?" पण मावशी, त्या आदेशात कुणावरही बंदी नाही. तीच मंडळी तेच बॅनर झटकून परत उभी राहू शकतात. आणि प्रभागात नोटा पहिला आणायचा म्हणजे हजारो मतं गोळा करायला हवीत. एवढी माणसं तुमच्या भिशीच्या शब्दावर चालत असतील, तर नोटा कशाला, तूच उभी राहा की.

मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. नोटा हे जणू पुरोगाम्यांचं हत्यार आहे, असं हा मेसेज गृहीत धरतो. नोटा खरोखर वर आला त्या जागा बघा. लातूर ग्रामीण, २०१९ ची विधानसभा: नोटा दुसऱ्या क्रमांकावर, साडेसत्तावीस हजारांच्या आसपास मतं. युतीत ती जागा शिवसेनेला सुटली म्हणून भाजपच्या लोकांनी राग काढला, अशीच तेव्हा चर्चा होती. अंधेरी पूर्व, नोव्हेंबर २०२२ ची पोटनिवडणूक: भाजपने उमेदवार मागे घेतला आणि नोटाला १२,८०६ मतं पडली. इंदूर, २०२४ ची लोकसभा: काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला, मग काँग्रेसनेच नोटाचा प्रचार केला. २,१८,६७४ मतं पडली. आणि भाजपचा उमेदवार पावणेबारा लाखांच्या फरकाने निवडून आला. तिन्ही ठिकाणी भांडण पक्षांचं आपसातलं होतं आणि तिन्ही ठिकाणी जो येणार होता तोच आला. यातून कुठला पक्ष डावीकडे इंचभर तरी सरकला?

नोटाने पक्ष चांगले उमेदवार देतील, अशी आशा निकालात कोर्टानेही बोलून दाखवली होती. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था उमेदवारांची स्वतःचीच शपथपत्रं वाचून दर निवडणुकीला हिशेब मांडते. नोटा नव्हता तेव्हा, २००९ मध्ये, आपल्यावर फौजदारी खटले असल्याचं सांगणारे १६२ जण लोकसभेत निवडून आले होते. २०१४ ला १८५ झाले, २०१९ ला २३३, २०२४ ला २५१. नोटामुळे वाढले असं मी म्हणत नाही. पण कमी करायचं औषध म्हणून ते विकू नका, एवढंच.

कारण साधं आहे. मतमोजणी झाली की केंद्रानिहाय आकडे फॉर्म २० मध्ये येतात आणि पक्षाचा माणूस तो तक्ता घेऊन बसतो: या शाळेतल्या बूथवर आपल्याला किती, समोरच्याला किती. नोटाच्या रकान्यात त्याला ४३ दिसतात. ते ४३ कुणाचे? रस्ता झाला नाही म्हणून चिडलेल्यांचे, जातीचा उमेदवार दिला नाही म्हणून रुसलेल्यांचे, चुकून दाबलेल्यांचे, का संविधान संविधान करणाऱ्यांचे? त्याला कळायला मार्ग नाही आणि त्याला गरजही नाही. तो पुढच्या ओळीवर जातो.

आणि फटका बसायचा तो कुणाला बसेल, तेही आपल्या हातात नाही. २०२४ ला मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभेचा निकाल ४८ मतांनी लागला. अठ्ठेचाळीस! नोटाला तिथे पंधरा हजारांवर मतं होती.

"घरी बसा, टक्का घसरला की नेते हादरतात"

कोणी हादरत नाही. इतके टक्के मतदान झालंच पाहिजे, नाहीतर निवडणूक बाद, असा नियम आपल्याकडे नाही. उलट कमी मतदानात ज्याच्याकडे गाड्या आणि पोरं जास्त, त्याचं काम सोपं होतं. पुढे.

"या पक्षांनी पुरोगाम्यांचं एकही काम केलेलं नाही"

हे वाक्य मावशीच्या फोनवर यावं याचं मला खरंच हसू आलं. १९७२ च्या दुष्काळात तिच्या आईने खडी फोडली आहे. कामावर मिळालेली सुकडी ती पदरात बांधून घरी आणायची, ती मावशीने खाल्ली आहे. मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. रोजगार हमीची कल्पना वि. स. पाग्यांची. ते काँग्रेसचेच, विधान परिषदेचे सभापती. पहिला प्रयोग १९६५ मध्ये मिरजेपासून फार लांब नाही अशा, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला झाला.

पण पाऊस पडल्यावर सरकारं योजना विसरतात. ही विसरली गेली नाही, कारण लाल निशाण पक्ष, शेतकरी कामगार पक्ष, समाजवादी, कम्युनिस्ट यांनी खडी फोडणाऱ्यांचेच मोर्चे काढून 'मागेल त्याला काम' हा कायदा करा म्हणून धोशा लावला. यातल्या कुणाकडे सत्ता नव्हती. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकरांचे महागाईविरुद्धचे लाटणे मोर्चे त्याच काळातले. पैसा कुठून आणणार, हा प्रश्न आला तेव्हा १९७५ मध्ये व्यवसाय कर बसला. शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी भरायचा. आजही पगाराच्या स्लिपवर प्रोफेशन टॅक्स म्हणून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, तो हाच. काँग्रेसच्या राज्यात १९७७ मध्ये कायदा एकमताने झाला. २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला तेव्हा शरद पवारांच्या पुलोद आघाडीचं सरकार होतं, तरी कुणी त्याला हात लावला नाही. केंद्राने २००५ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला तोही याच धर्तीवर.

यात पुरोगाम्यांनी काय केलं ते बघा. तीन शब्दांची मागणी, ती मागणारी माणसं रस्त्यावर, आणि सत्ताधारी पक्षात ती उचलून धरणारा एक सभापती. यातलं एक जरी नसतं तरी गाडी अडली असती.

मात्र याची दुसरी बाजू लपवली तर मीही त्या मेसेजवाल्यासारखीच ठरेन. जादूटोणाविरोधी कायदा. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते दीड दशकाहून जास्त काळ तो मागत होते. १९९९ पासून सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं, म्हणजे आपण ज्यांना आपलं म्हणतो त्यांचं. मसुदे झाले, कलमं गळली, वारकऱ्यांच्या नाराजीची भीती दाखवली गेली, अधिवेशनामागून अधिवेशनं गेली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात पुलावर दाभोलकरांना गोळ्या घातल्या. चार दिवसांत वटहुकूम निघाला. डिसेंबरात कायदा झाला. जे चार दिवसांत होऊ शकत होतं ते इतकी वर्षं का झालं नाही, याचं उत्तर त्या पक्षांनी अजून दिलेलं नाही. गृहीत धरतात, हा आरोप खोटा नाही. हे जाऊन जाऊन जाणार कुठे, असं त्यांच्या बैठकांमध्ये बोललं जात असणार, मला शंका नाही.

"आत शिरून काही होत नाही"

बरंचसं खरं. पक्षांतर्गत निवडणुका नावालाच, तिकिटं वरून येतात, आणि शिबिरात टाळ्या वाजवायला बोलावलेल्या आपल्या लोकांना तिकीटवाटपाच्या दिवशी कुणी ओळखत नाही. पण २०२४ ला आपण काय केलं तेही आठवा. संविधान वाचवायला म्हणून गावोगाव सभा घेतल्या, पदरचे पैसे घातले. लोकसभेला महाविकास आघाडीला राज्यातल्या ४८ पैकी ३० जागा मिळाल्या. त्या ३० जणांपुढे लेखी मागणी कितींनी ठेवली? आपण मत दिलं ते बिनशर्त, आणि मग ते गृहीत धरलं म्हणून रुसून बसलो. पाच महिन्यांत विधानसभेला आघाडीच्या तीन मुख्य पक्षांची मिळून पन्नाशीही झाली नाही, तेव्हा तर विचारायलाही कुणी उरलं नाही.

हे सगळं मी मावशीला फोनवर चाळीस मिनिटं ऐकवलं. ती 'हं' म्हणाली आणि फोन ठेवला. मला वाटलं, गेलं वाऱ्यावर.

चौथ्या दिवशी एका उमेदवाराची पोरं मतदार चिठ्ठ्या घेऊन तिच्याकडे आली. तिने चिठ्ठ्या घेतल्या, आणि गल्लीच्या टोकाच्या पालिकेच्या शाळेचं काय, ते विचारलं. तिथे दोन वर्गांना मिळून एक शिक्षिका आहे आणि मुलींच्या संडासाला कडी नाही. पोरं म्हणाली, "आजी, भाऊंना सांगतो." मावशी म्हणाली, भाऊंनाच पाठवा, आम्ही सतरा जणी आहोत आणि सतरा घरांत मिळून एकसष्ट मतं आहेत, यादी तयार आहे. भाऊ त्यानंतर तिसऱ्या दिवशी जिना चढून आले. चहा घेतला, पाया पडले, आणि मावशीने पुढे केलेल्या वहीच्या कागदावर लिहून दिलं: 'निवडून आल्यास शाळेच्या प्रश्नासाठी प्रयत्न करीन.' तिने लाल पेनने 'प्रयत्न' खोडलं, समोर तारीख घालायला लावली आणि खाली पुन्हा सही घेतली. कागद आता कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलेला आहे. दुसऱ्या पॅनेलचा माणूस उद्या सकाळी येणार आहे.